आमच्यात एक नवीन लिहिणारा आला

आपल्या होस्टेलच्या मेसकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये काचेची एक पेटी आहे. पूर्वी तिच्यात टेबल टेनिसच्या स्पर्धेचे ड्रॉ लागायचे. गेली काही वर्षे तिथे दर पंधरा दिवसांनी आमचे भित्तिपत्रक लागते. एकावर एक चिकटवलेल्या तीन ड्रॉइंग शीट्स, स्केचपेन, आणि वाचणाऱ्यांच्या हातात ताट. विषय म्हणाल तर राजकारण. म्हणजे निवडणुका, बजेट, धरणे, फी, आरक्षण, जे काही रात्री अकरा वाजता रूमवर भांडायला पुरते ते सगळे. लिहिणारे आम्ही तिघे. एक मी, एक सिव्हिलचा फायनल इयरवाला आणि एक मेकॅनिकलचा. तो खरे तर अक्षर चांगले म्हणून घेतलेला, पण हळूहळू त्यालाही मते फुटली.

गेल्या ऑगस्टमध्ये एक चौथा आला. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, मराठवाड्यातला, फारसा कोणाशी न बोलणारा. रात्री दार वाजवून फुलस्केपची चार पाने हातात दिली आणि म्हणाला, "बघा, जमतंय का." विषय असा, की शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, म्हणून मेसचे बिल थकते, आणि ज्याचे थकते त्याचे नाव मेसच्या दारावर यादीत लागते. ही यादी लावणे हेसुद्धा राजकारणच आहे, असे त्याचे म्हणणे. शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने एक प्रश्न होता, "नाव टाकणार का?"

आम्ही आनंदाने उड्या मारल्या. टपरीवर नेऊन कटिंग आणि वडापाव दिला. झाले स्वागत! असे आम्हाला वाटले. मग पाने घेऊन बसलो तेव्हा कळले, की राजकारणावर लिहिणाऱ्या पत्रात नवीन माणूस घेणे हे क्रिकेटच्या टीममध्ये अकरावा घेण्यासारखे नाही. नाव घालायचे की नाही? भाषा सुधारायची की नाही? त्याने लिहिलेले खरे आहे हे कोण बघणार? आणि उद्या रेक्टर सरांनी बोलावले तर कोण जाणार? सबमिशनचे दिवस असूनही मी चार दिवस लायब्ररीत मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाची पुस्तके उलटली. आपण डोके खाजवतो आहोत ते प्रश्न आपल्याच भाषेत पावणेदोनशे वर्षांपूर्वी येऊन गेलेले आहेत हे बघून जरा बरे वाटले, आणि जरा लाजही वाटली. जे सापडले ते सांगतो.

मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण', ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, हे आपण शाळेत एका मार्काला लिहिलेले असते. त्याच्या पुढे कोणी जात नाही. माझ्या मते खरी गंमत पुढेच सुरू होते. १८४१ साली मुंबईत गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन, यांनी 'प्रभाकर' नावाचे साप्ताहिक काढले. १८४८ च्या मार्चमध्ये या साप्ताहिकात एका नव्या लेखकाची पत्रे येऊ लागली. खाली सही 'लोकहितवादी'. माणूस सरकारी नोकरीत होता, वय २५. नाव गोपाळ हरी देशमुख. सरकारचे मीठ खाणाऱ्याने जाहीरपणे राज्यकारभारावर आणि स्वतःच्याच जातीच्या पुढाऱ्यांवर लिहायचे म्हणजे टोपणनाव सोयीचेच. आणि लिहिले काय? तर ब्राह्मणांचा पोकळ अभिमान, पेशवाईतला आंधळा कारभार, बायकांचे हाल, इंग्रजांकडून शिकण्यासारखे काय, पार्लमेंट कशाला हवे, देशी माल का वापरावा. त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या वाचकाला आवडेल असे त्यात फारच थोडे होते.

आता मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा सांगतो. १०८. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो, पण पत्रे १०८ आहेत, आणि ती १८४८ ते १८५० या काळात छापून आली. नव्या लेखकाचा पहिला लेख कोणीही छापतो. कौतुक असते, जागा रिकामी असते, 'नवोदितांना संधी' असे म्हणायलाही बरे वाटते. दुसऱ्या लेखाच्या वेळी संपादकाच्या कपाळावर आठी येते. पाचव्याला वाचक तक्रार करतात. भाऊ महाजनांनी शंभराच्या वर पत्रे छापली. स्वागत झाले की नाही हे पाचव्या लेखाला कळते, वडापावाला नाही. हे वाचले आणि मी आमच्या पेटीचा जुना हिशोब काढला. तीन वर्षांत 'पाहुणे लेखक' म्हणून आम्ही नऊ जणांचे लेख लावले होते. दुसरा लेख एकाचाही नाही.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच रात्री पेटला. नव्या माणसाने लिहिले होते, "बापानं उसनवारी करून पैसे पाठवले." मेकॅनिकलवाल्याने सुंदर अक्षरात त्याचे केले, "वडिलांनी कर्ज काढून पैसे पाठवले." हा बघून म्हणाला, "उसनवारी म्हंजे कर्ज नव्हं, दादा. कर्जाला कागूद असतो. उसनवारीला शेजाऱ्याचं तोंड बघावं लागतं." आम्ही तिघेही गप्प. शब्द बदलला असता तर नुसती भाषा शुद्ध झाली नसती, हकीकतच बदलली असती. बापाने बँकेत जाऊन सही केली असे वाचकाला वाटले असते.

यावरून मुक्ता साळवेची गोष्ट सांगायलाच हवी. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी, वय १४. तिने मांग आणि महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या पत्रात दोन भागांत छापला गेला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत. आपण चौदाव्या वर्षी निबंध लिहायचो 'माझा आवडता ऋतू'. हिने काय लिहिले? पेशवाईत आपल्या लोकांना कसे मारले जात होते, वाड्याच्या पायात कसे गाडले जात होते, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा कसे नसते. आणि वेद वाचायचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा सरळ प्रश्न देवालाच विचारला. नीट बघा, यातली एकही गोष्ट त्या वेळी लिहिणाऱ्या शिकल्या-सवरल्या पुरुषाला घरबसल्या ठाऊक असण्यासारखी नव्हती. छपराविना बाळंतपण ही माहिती अनुभवातून आलेली होती. नवीन लेखक बरोबर आणतो ते हेच. मत तर सगळ्यांकडेच असते, होस्टेलवर जरा जास्तच असते. पण वेगळ्या घरातून आलेला माणूस वेगळी माहिती घेऊन येतो, आणि ती त्याच्या शब्दांतच बसलेली असते.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनऱ्यांचे पत्र, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले. हिंदू धर्मातला अन्याय हिंदू मुलीनेच सांगितला तर ते त्यांना हवेच होते. म्हणजे जागा देणाऱ्याचाही त्यात काही फायदा होता. म्हणून मुक्ताचा निबंध कमअस्सल होतो का? मुळीच नाही. पण नव्या लेखकाने आपल्याला बोलावणाऱ्याला काय हवे आहे ते ओळखून असावे, एवढे खरे. आम्हालाही आमच्या या नव्या गड्याकडून काहीतरी हवे होतेच. आमच्या तिघांपैकी एकाचेही नाव कधी त्या यादीत लागलेले नव्हते. त्यामुळे आम्ही त्या विषयावर लिहिले असते तर ते 'गरीब विद्यार्थ्यांच्या समस्या' या मथळ्याखाली लिहिले असते, आणि लोकांनी वरण वाढून घेता घेता पुढे सरकले असते.

आता जबाबदारीची गोष्ट. ही जरा लांब आहे, पण मला सगळ्यात जास्त घाम यानेच फोडला.

'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. त्याच्या दोनच दिवस आधी इंग्रजीतला 'मराठा' निघाला होता. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. दोघेही जेमतेम पंचविशीतले, म्हणजे आपल्या एम.टेक.च्या मुलांएवढे. या पत्रांतल्या अग्रलेखांखाली लिहिणाऱ्याचे नाव नसे. 'आम्ही' असे लिहायचे. हा 'आम्ही' नीट समजून घ्या, कारण त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे, लिहिले कोणीही असले तरी ते पत्राचे मत ठरते. दुसरा म्हणजे, कोर्टाचे समन्स आले की 'आम्ही'तून एक माणूस पुढे यावा लागतो, आणि तो संपादक असतो.

पहिल्याच वर्षी याचा दणका बसला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चालला आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे या दोन्ही पत्रांनी लिहिले. आधार काय? बाहेरून मिळालेली पत्रे. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांना १८८२ च्या जुलैत चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले, १७ जुलै ते २६ ऑक्टोबर. टिळकांना २३ जुलैला २६ वर्षे पूर्ण झाली ती तुरुंगातच. आगरकरांनी पुढे यावर छोटे पुस्तकही लिहिले. मला या प्रकरणात दोन गोष्टी दिसतात. कोल्हापूरच्या महाराजांबद्दलची कळकळ खरी होती, यात शंका नाही. पण कळकळ हा पुरावा नव्हे. आपल्या लॅबमध्ये रीडिंग चुकले तर जर्नलवर 'रिपीट' येते. इथे चार महिने आले.

याच खटल्याच्या वेळची एक हकीकत फार लोकांना माहीत नसते. या दोघांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन उभा करणारे होते सत्यशोधक रामशेठ उरवणे, आणि तेही जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. म्हणजे विचाराने विरुद्ध टोकाची माणसे. पुढे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर भरपूर शाई उडवली. पण संपादक अडकला म्हटल्यावर जामीन द्यायला गेले. आपल्याकडे हल्ली 'समोरची पार्टी' अडकली की पेढे वाटतात.

एका 'आम्ही'त दोन मते किती दिवस मावणार? समाजसुधारणा आधी की राजकारण आधी, यावर आगरकर आणि टिळक यांचे जमेना. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. त्यात इंग्रजी मजकूर सांभाळायला कोणाला घेतले? गोपाळ कृष्ण गोखल्यांना. वय २२. ज्या गोखल्यांना पुढे गांधीजींनी गुरू मानले ते तेव्हा एक नवशिके मास्तर होते, आणि ज्या पत्राच्या संपादकाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुण्यातल्या लोकांची मजल गेली त्या पत्रात ते लिहायला बसले. ही फूट वाईट झाली असे आपण नेहमी म्हणतो. मला तसे वाटत नाही. बिनसहीच्या अग्रलेखात दोन मते कोंबली तर अग्रलेखाची खिचडी होते. ज्या पत्रात लेखावर नाव असते तिथे चार मतांची माणसे शेजारी शेजारी बसू शकतात. नाव असण्या-नसण्याचा आणि मतभेद सोसण्याचा असा संबंध आहे, हे मला तोपर्यंत सुचलेच नव्हते. आमच्या पेटीतल्या लेखांवर कधीच नाव नसे, आणि आमच्यात चौथा टिकत नसे. आता कारण कळले.

'केसरी'चा दुसरा प्रसंग १८९७ चा. १५ जून १८९७ च्या अंकात पुण्याच्या शिवाजी उत्सवातल्या व्याख्यानांची हकीकत आली आणि शिवाजी महाराज स्वर्गातून खाली येऊन देशाची दशा बघतात अशा आशयाची एक कविता आली. कवितेखाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीची खूण होती. म्हणजे बाहेरच्या माणसाचा मजकूर, तोही टोपणनावाने. पुढे आठवडाभरात, २२ जूनला, रँडवर गोळी झाडली गेली, आणि सरकारने हा अंक उघडला. राजद्रोहाचा खटला कोणावर? कवीवर नाही, व्याख्यात्यांवर नाही. संपादक म्हणून टिळकांवर. ज्युरीतले सहा युरोपियन 'दोषी' म्हणाले, तिघे हिंदी 'निर्दोष' म्हणाले. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुटका वर्षभराने, ६ सप्टेंबर १८९८ ला.

टिळकांना 'हे माझे लेखन नव्हे, अमक्याचे आहे' असे सांगून अंग काढता आले असते का? कायद्याने फारसे नाही. छापखाने आणि वृत्तपत्रे यांच्या नोंदणीचा कायदा १८६७ पासून होता, आणि पत्र कोणाचे, छापले कोणी, याचे जाहीरनामे सरकारदरबारी दिलेले असत. तो १८६७ चा कायदा थेट २०२४ च्या १ मार्चपर्यंत चालला, मग त्याच्या जागी २०२३ साली केलेला नवा कायदा आला. आपल्या काचेच्या पेटीला यातले काहीच लागू नाही हे मला माहीत आहे. आम्हाला लागू आहे तो रेक्टर सरांचा कायदा. पण तत्त्व तेच. ज्याने छापायचे ठरवले, त्याने लेख आपल्या अंगावर घेतला.

याची दुसरी बाजूही आहे. संपादक तुरुंगात गेला तर पत्र कोण चालवणार? याचे उत्तर आदल्याच वर्षी दिले गेले होते. १८९६ मध्ये टिळकांनी साताऱ्याहून एका २४ वर्षांच्या वकिलाला पुण्याला बोलावून घेतले होते. नरसिंह चिंतामण केळकर. नवीन माणूस घ्यायचा तो अंक सजवायला नाही, आपण नसलो तरी अंक निघावा म्हणून. आमचा सिव्हिलवाला यंदा पास आउट होणार (एक केटी निघाली तर), मग पेटीची किल्ली कोणाकडे, हा विचार आम्ही केलेला नव्हता.

आणि आता ज्यांना बोलवायला कोणी नव्हते त्यांची गोष्ट. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. आंबेडकर तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे नोकरी सरकारी. त्यामुळे संपादक म्हणून नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर या तरुणाचे. या पत्राची जाहिरात, तीही पैसे देऊन, 'केसरी'ने छापायला नकार दिला, हे आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ज्या पत्राने मालकाला तुरुंगात पाठवूनही दुसऱ्याची कविता अंगावर घेतली त्याच पत्राने चार ओळींची जाहिरात घेतली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली आपल्या भाषणांत येते, दुसरी येत नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या वेळी संपादक म्हणून आंबेडकरांचे स्वतःचे नाव. पण लिहिणार कोण? अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांनी एकट्याने भरले, आणि मदतीला लेखक नाहीत ही खंत त्यांनी त्याच पत्रात बोलून दाखवली. कारण उघड आहे. ज्या समाजाला अक्षर शिकू दिले नाही त्यातून दर पंधरवड्याला लेखक कुठून येणार? एम.ए., पीएच.डी., बॅरिस्टर झालेला माणूस कोर्टातून येऊन रात्री रकाने भरतो आहे, हे चित्र डोळ्यासमोर आणा. आम्ही तिघे तीन शीट्स भरताना कुरकुरतो.

पण पुढे त्यांच्या पत्रांत कोण आले बघा. १९३० मध्ये 'जनता' निघाले, त्याचे संपादक देवराव नाईक. जन्माने ब्राह्मण. पुढे त्याच पत्राचे संपादक झाले गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यात पुढाकार घेणारे हेच. ज्यांच्या जाहिरातीला दुसऱ्यांनी जागा दिली नाही त्यांनी आपल्या पत्राचा अग्रलेखच दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हाती दिला. यावर मी जास्त काही लिहीत नाही. मेसमध्ये आपापल्या गावाची, आपापल्या 'ग्रुप'ची टेबले कशी वेगवेगळी आहेत ते आपण सगळेच रोज बघतो.

तर मग आम्ही काय केले? सांगतो, पण फार मोठे काही समजू नका.

आधी लेख तपासला. त्याने लिहिले होते, "यादीतल्या सगळ्यांची शिष्यवृत्ती अडकलेली आहे." आम्ही यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. बहुतेकांची खरेच अडकलेली होती. पण दोघे असे निघाले की त्यांचे पैसे घरून आलेले होते आणि ते दुसरीकडे उडाले होते. त्यातला एक माझा रूम पार्टनर. (तो हा लेख वाचणार आहे. वाच रे.) नवा माणूस तेव्हा थोडा हिरमुसला. मग त्यानेच 'सगळ्यांची'चे 'बहुतेकांची' केले आणि त्या दोघांचाही उल्लेख एका वाक्यात घातला. लेख त्याने कमजोर झाला नाही, उलट भक्कम झाला. 'उसनवारी' तशीच ठेवली. ऱ्हस्व-दीर्घ तेवढे नीट केले, तेही त्याला शेजारी बसवून.

नावाचा घोळ जास्त झाला. त्याचे स्वतःचे नावही त्या यादीत होते. नाव टाकले तर लेख स्वतःसाठी लिहिला असे लोक म्हणतील, नाही टाकले तर घाबरून लिहिला म्हणतील. सिव्हिलवाल्याने तोडगा काढला, की लेखाखाली तळटीप देऊ, 'लेखकाच्या मताशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' ही ओळ सगळीकडे असते. पण आमच्या पेटीत ती यापूर्वी कधीच नव्हती, आणि आज एकट्या याच्याच लेखाखाली लावायची? म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवायचे आणि पाटाखाली कागद घालायचा. ती ओळ घालायची तर सगळ्या शीटसाठी एकदाच, खाली कोपऱ्यात घालावी, नाहीतर घालूच नये. आम्ही घातली नाही. ठरले असे, की त्या अंकापासून प्रत्येक लेखावर लिहिणाऱ्याचे नाव किंवा त्याने निवडलेले टोपणनाव. टोपणनावामागचा माणूस संपादकाला माहीत असला पाहिजे, बाकी कोणाला नाही. आणि शीटच्या तळाशी संपादकाचे खरे नाव, रूम नंबरसह. चिठ्ठ्या टाकल्या. माझे निघाले.

नव्या माणसाने टोपणनाव घेतले, 'यादीतला एक'.

अंक शुक्रवारी रात्री लागला. शनिवारी सकाळी पॅसेजमध्ये गर्दी, पोहे थंड. संध्याकाळी रेक्टर सरांचे बोलावणे आले. सरांच्या टेबलावर फोनमध्ये काढलेला लेखाचा फोटो होता.

"कोणी लिहिलंय हे?"

व्हायवाला एक्स्टर्नलने पहिला प्रश्न विचारला की जिभेची जी अवस्था होते तीच झाली. म्हणालो, "सर, संपादक मी आहे."

"ते खाली लिहिलंय, वाचलं मी. लिहिलं कोणी?"

"सर, ते सांगता येणार नाही. चूक असेल तर माझ्या नावावर घ्या."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ड्रॉवरमधून यादीची ऑफिस कॉपी काढली आणि विचारले, "बहुतेक म्हणजे किती, मोजले आहेत का?" मी वही पुढे केली. खोल्याखोल्यांतून फिरताना केलेल्या नोंदी होत्या, कोणाचा अर्ज कधी गेला आणि कुठे अडकला यासकट. सरांनी ती ठेवून घेतली. "जा," म्हणाले. रागावले की नाही ते मला आजपर्यंत कळलेले नाही.

यादी पुढे आठवडाभर दारावर होती. मग एका सकाळी नव्हती. बिल थकले तर आता ऑफिसमध्ये बोलावून सांगतात. ते लेखामुळे झाले, वहीमुळे झाले, की काचेवर चिकटवलेली टेप उन्हाने सुटली म्हणून झाले, यावर आमच्यात अजून वाद आहे. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र नेहमीसारखेच उशिरा आले.

'यादीतला एक'चे आतापर्यंत सहा लेख लागले. तिसरा मला अजिबात पटला नव्हता, आणि त्याच्या शेजारीच मी तसे लिहिलेही. परवा रात्री त्याने दार वाजवले तेव्हा त्याच्या मागे फर्स्ट इयरची एक जोडी उभी होती. हातात वहीची पाने. त्यांना पुढे ढकलत तो म्हणाला, "बघा, जमतंय का." मेकॅनिकलवाल्याने सवयीने लाल पेन उचलले. मग ते खाली ठेवले आणि खुर्ची सरकवून दिली.